रिदमवर साथ करताना सम निसटते: तीनताल, दीपचंदी आणि फिलचे बटण

सूरसाथी_सांगली (प्रश्न)

नमस्कार. आमचा लहानसा संच आहे. एक गायिका, एक निवेदक आणि कीबोर्डवर मी. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, कोजागिरी, गणेशोत्सवातली एखादी संध्याकाळ अशा निमित्ताने आमचे कार्यक्रम होतात. त्यांत भावगीते आणि अभंग जास्त, मधे दोन-तीन नाट्यगीते आणि शेवटाकडे कोळीगीत किंवा लावणी असा साधारण क्रम असतो. आमचे तबलावादक नोकरीनिमित्त परगावी गेल्यापासून मी अरेंजर कीबोर्डमधली रिदम लावूनच साथ करतो आहे. मिळणारे मानधन पाहता दर वेळी दुसरा तबलावादक बोलावणे परवडत नाही, म्हणून “रिदम लावूच नका” हा सल्ला कृपया देऊ नये. हाताशी असलेल्या साधनावर काम नीट कसे करावे, एवढेच मला विचारायचे आहे.

पहिली अडचण समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची आहे. अंतरा संपवून गायिका मुखड्याकडे वळते, तेव्हा मी सवयीने फिल (ठेक्याच्या मधे वाजणारा छोटा तुकडा) देतो. केहरवा आणि दादरा असताना काही बिघडत नाही, परंतु तीनतालातल्या नाट्यगीतात किंवा दीपचंदीतल्या गाण्यात फिलनंतर पुष्कळदा रिदमची सम एकीकडे आणि गाण्याची सम दुसरीकडे जाते. मग गायिका माझ्याकडे पाहते, मी घाईने रिदम बंद करून पुन्हा सुरू करतो आणि तोवर रसभंग झालेला असतो.

दुसरी अडचण उचलीची. मुखडा समेच्या आधी उचलला जात असेल, तर स्टार्टचे बटण नेमके केव्हा दाबावे, हे मला अजून जमलेले नाही.

तिसरी गोष्ट मला कळतच नाही. गायिका एरवी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गाते आणि तेव्हा रिदममधला तबला सुरात वाटतो. थंडीत गळा जड झाला की ती अर्धा सूर खाली, म्हणजे पांढरी पाचमध्ये गाते. मी कीबोर्डचा ट्रान्सपोज एकने उतरवतो, बाकी सगळे बरोबर उतरते, आणि तरीही तोच तबला एकदम बेसूर लागतो. असे का व्हावे?

कधी कधी गावातल्या भजनी मंडळाचे पखवाजवादक अभंगाला साथ करायला हौसेने मंचावर येतात. त्यांना नाही म्हणवत नाही आणि रिदमबरोबर ते जुळतही नाही. याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

काळीपांढरी

तुमचा पहिला प्रश्न अनेकांना पडतो, पण तो इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडला जातो. केहरव्यात बिघडत नाही आणि तीनतालात बिघडते, या तुमच्या निरीक्षणातच त्याचे उत्तर आहे. कीबोर्डची रिदम बार (ठरावीक ठोक्यांचा गट; ४/४ म्हणजे चार ठोके) मोजते, आवर्तन (समेपासून समेपर्यंतची तालाची पूर्ण फेरी) मोजत नाही. केहरव्याच्या आठ मात्रा बहुधा ४/४ च्या एका बारमध्ये बसवलेल्या असतात, म्हणून तिथे बार आणि आवर्तन एकच ठरते. तीनतालाच्या सोळा मात्रा मात्र सामान्यतः ४/४ च्या चार बारमध्ये पसरलेल्या असतात. पहिल्या बारमध्ये सम, दुसऱ्यात पाचवी ते आठवी मात्रा, तिसऱ्यात खाली (नववी मात्रा, जिथे टाळी देत नाहीत) आणि चौथ्यात तेरावी ते सोळावी. फिल असतो एका बारचा, आणि तो संपला की बहुतेक कीबोर्डांवर मुख्य व्हेरिएशन, म्हणजे नेहमीचा ठेका, पुन्हा पहिल्या बारपासून वाजू लागते.

आता असे समजा की तुम्ही पाचव्या मात्रेवर बटण दाबले. फिल आठव्या मात्रेपर्यंत वाजला आणि पुढच्या ठोक्याला कीबोर्डने खुशाल सम दिली. गाणे त्या वेळी नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर आहे. गायिका बरोबर असते, तुमचे मोजणेही बरोबर असते, फक्त आवर्तन अर्ध्यातच तुटलेले असते. दीपचंदीचे तसेच आहे. चौदा मात्रा सात-सातच्या दोन बारमध्ये लिहिल्या असतील आणि फिल पहिल्या बारमध्ये पडला, तर खालीचा अर्धा भाग गळून पडतो.

म्हणून तीनतालात फिल द्यायचा तो चौथ्याच बारमध्ये. तेराव्या मात्रेपासून समेकडे येणारा तुकडा कानालाही स्वाभाविक वाटतो. बटण दाबण्याची वेळही सांभाळावी लागते, कारण बारच्या मध्येच दाबले तर फिल त्याच जागेपासून सुरू होतो आणि त्या बारच्या शेवटी संपतो. यामाहाच्या कीबोर्डांवर बारच्या अखेरच्या अर्ध्या ठोक्यात बटण दाबले, तर फिल पुढच्या बारच्या आरंभापासून वाजतो. म्हणजे बाराव्या मात्रेच्या उत्तरार्धात दाबा, किंवा सरळ तेराव्यावर दाबा. बाराव्याच्या पूर्वार्धात बोट पडले, तर तेराव्यावरच सम येऊन बसेल.

सम चुकलीच, तर रिदम बंद करण्याची गरज नाही. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० किंवा जेनोसवर आणि कॉर्गच्या पीए मालिकेत टॅप टेम्पोच्या बटणालाच रिसेटचे काम दिलेले आहे. रिदम चालू असताना ते बटण गाण्याच्या समेवर एकदा दाबले, की पॅटर्न तिथूनच पहिल्या मात्रेपासून धरतो. श्रोत्यांना फार तर एखादा ठोका अडखळल्यासारखा वाटतो. तुमच्या मॉडेलवर ही सोय आहे का, ते पुस्तिकेत पाहून घ्या.

उचलीसाठी स्टार्टचे बटण वापरूच नये, असे माझे मत आहे. सिंक स्टार्ट लावून ठेवा. गायिकेला उचल मोकळी गाऊ द्या, उजव्या हाताने हवे तर तिच्याबरोबर स्वर धरा, आणि डाव्या हाताची कॉर्ड नेमकी समेच्या अक्षरावर दाबा. रिदम त्याच क्षणी सुरू होते. तयार इंट्रोपेक्षा हे कितीतरी बरे दिसते. इंट्रोमधले सुरावटीचे तुकडे मराठी गाण्याशी क्वचितच जुळतात आणि ते संपेपर्यंत गायिकेला ताटकळत राहावे लागते.

थाप_आणि_चाट

मी ढोलकी आणि पखवाज वाजवतो, त्यामुळे पखवाजाच्या प्रश्नाचे उत्तर मंचाच्या दुसऱ्या बाजूने देतो.

आलेल्या वादकाला बहुधा तुमची रिदम ऐकूच येत नसते. स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात, वादक त्यांच्या मागे बसलेला असतो, आणि पखवाजाचा स्वतःचा आवाज एवढा असतो की कीबोर्डचा ठेका त्याच्या कानापर्यंत उशिरा आणि अस्पष्ट येतो. तो मग गायिकेच्या लयीवर चालतो, गायिका दोघांच्या मध्ये सापडते. एक छोटा मॉनिटर त्याच्या बाजूला वळवून ठेवा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

दुसरे म्हणजे, तो वाजवत असताना रिदममधला तबला किंवा ढोलक चालू ठेवू नका. एकाच पट्टीतल्या दोन चामड्यांची थाप एकमेकांवर आदळली, तर दोन्ही वादक कच्चे वाटतात. यामाहाच्या स्टाईलमध्ये (तयार रिदममध्ये) रिदम १ आणि रिदम २ असे दोन स्वतंत्र चॅनेल असतात, कॉर्गमध्ये ड्रम आणि पर्कशन असे ट्रॅक असतात. त्यांपैकी ज्यात तबला आहे तो मिक्सरच्या पानावर बंद करावा आणि टाळ, झांज, खंजिरी तेवढी राहू द्यावी. वादकाला लयीचा दोर मिळतो आणि त्याच्या हाताला मोकळी जागाही राहते. दोन्ही गोष्टी एकाच चॅनेलमध्ये असतील, तर तो चॅनेल इतका खाली आणा की तो केवळ वादकाला ऐकू येईल.

गजराबद्दल मात्र मी ठाम आहे. अभंग संथ लयीत सुरू होतो, गजराला लय चढते आणि ती किती चढायची हे टाळ धरणारे आणि समोर बसलेले लोक ठरवतात. त्या ठिकाणी यंत्राची लय टेम्पोच्या बटणाने एकेक आकडा वर सरकवत राहणे हा द्राविडी प्राणायाम आहे. गजर सुरू होताच रिदम थांबवा, डाव्या हाताने नुसता षड्ज-पंचम धरून ठेवा आणि लय पखवाजाच्या स्वाधीन करा. पखवाजवादक नसेल त्या दिवशी गजर वाढवू नका, हेही ओघानेच आले.

लावणीबाबत मी तुमची अट मोडणार नाही, परंतु तयार रिदममधली ढोलकी लावणीला पुरत नाही, हे नमूद करतो. लावणीतली ढोलकी शब्दांना उत्तर देते. पॅटर्नला शब्द ठाऊक नसतात. कोळीगीताचे तसे नाही. ६/८ ची चांगली रिदम आणि तुमच्या हातची दोन-चार ठिकाणची सफाई एवढ्यावर कोळीगीत छान उभे राहते.

लयपेटी

काळीपांढरी यांनी फिलचा जो उलगडा केला तो बरोबर आहे, परंतु त्यांचा उपाय पाळायचा तर वादकाला सगळा वेळ बार मोजत बसावे लागते. गायिका आलापीत रमली, एखादे आवर्तन जास्त घेतले, की लक्ष विचलित होते. तुमच्या कीबोर्डवर स्टाईल क्रिएटर (स्वतःची रिदम तयार करण्याची सोय) असेल तर मूळ कारणच काढून टाकता येते.

यामाहाच्या क्रिएटरमध्ये मुख्य व्हेरिएशन १ ते ३२ बारचे करता येते, पण फिल एका बारचाच राहतो. ही मर्यादा हलवता येत नाही, म्हणून बारच मोठा करायचा. तीनतालाच्या सोळा मात्रा सोळा पाव-ठोक्यांवर लिहिल्या, की संपूर्ण आवर्तन ४/४ च्या एकाच बारमध्ये मावते. आता बार आणि आवर्तन एकच झाले. नवव्या मात्रेवर फिल दाबला, तर तो नवव्यापासून सोळाव्यापर्यंत वाजतो आणि पुढे समच येते. तबलावादक खालीपासून तुकडा उचलून समेवर आणतो, नेमके तेच हे. कुठेही दाबले तरी सम हलत नाही.

याची किंमत टेम्पोच्या आकड्यात द्यावी लागते. पडद्यावरचा आकडा चार मात्रांच्या गटाचा होतो, म्हणजे मिनिटाला १६० मात्रांची मध्य लय हवी असेल तर टेम्पो ४० ठेवावा लागतो. आकडा एकाने वाढवला, की लय चार मात्रांनी वाढते, त्यामुळे बारीक फरक करणे थोडे अवघड जाते. विलंबित गाण्याला ही युक्ती उपयोगी नाही, पण कीबोर्डच्या रिदमवर विलंबित गाण्याची वेळ आपल्यावर येऊही नये.

दीपचंदीसाठी ७/४ चा बार घ्या आणि चौदा मात्रा अर्ध्या-अर्ध्या ठोक्यांवर लिहा. विभागणी ३, ४, ३, ४ अशी राहील. बोल भरताना क्वांटाइझ (ठोके आपोआप सरळ जागी बसवणारी सोय) बंद ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. या पद्धतीत एका मात्रेतला तिरकिट इतका बारीक होतो, की क्वांटाइझ त्याचे चार बोल ओढून कुठेतरी नेऊन बसवते. टेम्पो अगदी उतरवून हातानेच वाजवा. थोडा मागेपुढे पडलेला ठेका फार सरळ ठेक्यापेक्षा जिवंत वाटतो.

रूपकबद्दल कोणी विचारलेले नाही, तरीही लिहितो, कारण भावगीतांत तो येतोच. रूपकच्या सात मात्रा एका बारमध्ये येतात, म्हणून सम निसटत नाही, पण तयार फिलच्या शेवटी पहिल्या ठोक्यावर झांज किंवा भरीव डग्गा ठोकून दिलेला असतो. रूपकची सम खालीवर आहे, ठेका ‘ती ती ना’ असा सुरू होतो, आणि तिथे घुमारा आला की जाणकार श्रोत्याच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. तो ठोका फिलमधून पुसून टाकावा. तसेच परदेशी स्टाइलमधली ७/८ ची रिदम रूपक म्हणून सरसकट लावू नका. त्यांतल्या काही २, २, ३ अशा गटाच्या असतात, आणि आपल्याला ३, २, २ हवे असते.

काळीपांढरी

लयपेटी यांची युक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. सूरसाथींकडे क्रिएटर असेल तर त्यांनी तीच वापरावी, नसेल तर माझी पद्धत आहेच.

तबल्याच्या सुराचा प्रश्न राहून गेला होता. ट्रान्सपोज केल्यावर बेस, कॉर्ड आणि तुमच्या हातचे स्वर सरकतात, परंतु ताल-वाद्यांचा चॅनेल त्यातून वगळलेला असतो. तो वगळलाच पाहिजे, नाहीतर डग्ग्याच्या जागी दुसरेच वाद्य वाजू लागेल. त्यामुळे नमुना म्हणून ध्वनिमुद्रित केलेला तबला ज्या सुरात असतो, त्याच सुरात कायम राहतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमच्या किटमधला (ताल-वाद्यांच्या आवाजांच्या संचातला) तबला काळी एकला असावा, असा माझा तर्क आहे. गायिकेचा षड्ज काळी चार असेल, तर काळी एक हा तिचा शुद्ध मध्यम होतो आणि मध्यमाला मिळवलेला तबला कानाला खटकत नाही. षड्ज पांढरी पाचवर उतरला, की तीच काळी एक तीव्र मध्यम होते. ज्या गाण्यात तीव्र मध्यमाचा संबंधच नाही, त्यात तो स्वर प्रत्येक ‘ना’बरोबर टोचत राहतो. किटमधला ‘ना’ वाजवून तो कोणत्या पट्टीशी जुळतो, हे एकदा तपासून घ्या.

उपाय तबल्याचा सूर उतरवण्याचा. यामाहाच्या एक्सजी प्रणालीत ड्रम किटमधल्या प्रत्येक वाद्याचा सूर स्वतंत्रपणे वरखाली करता येतो. तबल्याचे बोल निरनिराळ्या पट्ट्यांवर ठेवलेले असल्यामुळे ‘ना’, ‘तीं’, ‘तूं’ असे एकेक करून सगळे अर्ध्या सुराने उतरवावे लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण एकदा करून दुसऱ्या नावाने साठवले की थंडीची रिदम वेगळी आणि एरवीची वेगळी अशी सोय होते. ही सुविधा नसलेल्या कीबोर्डवर पांढरी पाचच्या दिवशी तबल्याऐवजी ढोलक किंवा खंजिरीचा पॅटर्न निवडावा. त्यांचा सूर इतका ठळक लागत नाही.

सूरसाथी_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. किटमधला ‘ना’ आताच वाजवून पाहिला, तो काळी एकच आहे. माझ्या कीबोर्डवर क्रिएटरही आहे, इतके दिवस ते पान मी उघडलेच नव्हते. रिसेटचीही सोय आहे.

यावरून आणखी दोन शंका विचारतो. डाव्या हाताने मेजर किंवा मायनर कॉर्ड दाबली, की बेस आपल्या मनाने सुरावट वाजवू लागतो. भैरवीतल्या अभंगात तो मधेच शुद्ध गंधार घेतो आणि सगळे बिघडते. रिदम हवी आणि हा बेस नको, असे करता येते का? दुसरे म्हणजे, गाणे संपवताना एंडिंगचे बटण दाबले तर ते चांगले दोन-चार बार वाजत राहते, गायिका मात्र तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा) घेऊन केव्हाच थांबलेली असते.

लयपेटी

येते. यामाहावर एसीएमपी (बेस-कॉर्डची आपोआप वाजणारी साथ) बंद केले की फक्त ताल-वाद्ये वाजतात, आणि डावा हात पूर्ण मोकळा होतो. तो हात मग नेहमीच्या पेटीसारखा वापरावा. नाट्यगीतांना मी असेच करतो.

परंतु अभंगाला थोडा भराव हवा असतो, तिथे कॉर्डऐवजी केवळ षड्ज आणि पंचम दाबा. यामाहाचा कीबोर्ड ही जोडी स्वतंत्र कॉर्ड म्हणून ओळखतो आणि तीत गंधार नसल्यामुळे बेस व पॅड गंधाराला शिवत नाहीत. भैरवी असो, तोडी असो, भराव मिळतो आणि रागाला धक्का लागत नाही. गाण्यात कुठे खरोखरच कॉर्ड बदलावीशी वाटली, तर मध्यम आणि षड्ज अशी जोडी घेता येते. तीही मोजकीच बरी. प्रत्येक ओळीला कॉर्ड बदलण्याची हौस अभंगाला मानवत नाही. कॉर्ड ओळखण्याची पद्धत फिंगर्ड (कॉर्डचे स्वर प्रत्यक्ष दाबायची) ठेवावी. एका बोटाने कॉर्ड लावण्याच्या पद्धतीत कीबोर्ड आपल्या मनाने मेजर समजतो आणि तुमचा शुद्ध गंधार पुन्हा हजर होतो.

एंडिंग सरळ विसरून जा. पायाचे पेडल स्टार्ट-स्टॉपला नेमून ठेवा आणि तिहाईच्या अखेरच्या ‘धा’वर, म्हणजे समेवर, पेडल दाबा. उजव्या हाताने त्याच क्षणी षड्ज धरला की गाणे व्यवस्थित मिटते. सिंक स्टॉप लावूनही हे साधते, कारण डावा हात उचलताच रिदम थांबते. परंतु मग गाणेभर डावा हात उचलायची सोय राहत नाही, म्हणून मला पेडल बरे वाटते. लय उतरवत संपणारे एखादे भावगीत असेल, तर एंडिंग वाजत असताना तेच बटण पुन्हा दाबून पाहा. यामाहावर त्याने लय हळूहळू संथ होत जाते. त्यासाठी क्रिएटरमध्ये दोन बारचे, नुसत्या ताल-वाद्यांचे एंडिंग मात्र स्वतः तयार करून घ्यावे लागेल.

थाप_आणि_चाट

पेडल घेणार असाल तर त्याच्याखाली रबराची चटई घाला. मंचावर सतरंजी असते, पेडल पुढे सरकत जाते आणि नेमके तिहाईला पाय सतरंजीवर पडतो. आणि पखवाजवाल्यांना कार्यक्रमाआधी रिदमची लय एकदा ऐकवा. त्यांना तेवढे पुरते.